डॉक्टर येईपर्यंतची दहा मिनिटे



मागच्या अंकात आपण रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी बोललो. या वेळी गोळ्या-औषधे बाजूला ठेवू आणि वेगळ्याच गोष्टीचा विचार करू. घरात कोणी अचानक पडले, भाजले, घशात घास अडकला किंवा छातीत कळ आली, तर ॲम्ब्युलन्स दारात उभी राहीपर्यंत काही मिनिटे जातातच. त्या मिनिटांत रोग्याजवळ कोण असते? आपल्या वयाच्या बहुतेक घरांत आता दोनच माणसे राहिली आहेत. मुले दुसऱ्या गावी, नातवंडे सैन्यात नाहीतर कॉलेजात. म्हणजे एकाला काही झाले की दुसऱ्यालाच सगळे पाहायचे असते, मग त्याचे वय ७० असो की ८५.

मी मुंबईत तीस वर्षांहून अधिक काळ नर्सिंग केले. निवृत्तीनंतर काही वर्षे मुलीकडे लंडनला राहिले. तिथे ब्रिटिश रेड क्रॉस या संस्थेच्या प्रथमोपचार वर्गाला गेले आणि व्हीलचेअर उसन्या देणाऱ्या त्यांच्या एका केंद्रात आठवड्यातून एक दिवस हातभारही लावला. नर्स असूनही त्या वर्गात मला नवे शिकायला मिळाले. इस्पितळात एक हाक मारली की डॉक्टर, ऑक्सिजन, सुई सगळे हजर होते. घरात यातले काहीच नसते. तिथे काय करावे, हे त्या संस्थेने साध्या माणसांना शिकवले आहे. म्हणून आज तिची थोडी ओळख करून देते आणि मग तिचे धडे सांगते.

संस्था कशी उभी राहिली

रेड क्रॉसची सुरुवात एका लढाईतून झाली. १८५९ साली इटलीतील सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. जिनिव्हाचे एक व्यापारी, हेन्री ड्युनां, आपल्या कामानिमित्त त्या भागात गेले होते. हजारो जखमी सैनिक जवळच्या गावात पडून होते आणि डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा त्या गावच्या बायकांनी पाणी, कापड, सूप घेऊन देवळात आणि रस्त्यावर जखमींची शुश्रूषा केली. जखमी आपल्या बाजूचा की शत्रूचा, हे त्यांनी पाहिले नाही. ड्युनांनी हे सारे पुस्तकात लिहिले. त्यातून १८६३ साली जिनिव्हात समिती स्थापन झाली आणि १८६४ साली पहिला जिनिव्हा करार झाला.

ब्रिटनमध्ये ही कल्पना रुजली ती १८७० साली. फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले होते. रॉबर्ट लॉइड-लिंडसे नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने लंडनच्या 'टाइम्स' वर्तमानपत्रात पत्र लिहून जखमींसाठी राष्ट्रीय संस्था काढण्याचे आवाहन केले. थोड्याच दिवसांत, ४ ऑगस्ट १८७० रोजी, सभा भरून संस्था स्थापन झाली. १९०५ साली तिला 'ब्रिटिश रेड क्रॉस सोसायटी' हे नाव मिळाले आणि १९०८ साली राजाची सनद मिळाली.

त्याच काळात ब्रिटनमध्ये आणखी एक संस्था काम करत होती, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईत रेल्वेत, गिरणीत किंवा पोलिसांत नोकरी केली, त्यांना हे नाव परिचयाचे असेल. कामगारांना आणि पोलिसांना प्रथमोपचार शिकवण्याचे वर्ग या संस्थेने १८७७-७८च्या सुमारास सुरू केले. पुढे दोन्ही महायुद्धांत या दोन संस्थांनी एकत्र काम केले आणि प्रथमोपचाराचे पाठ्यपुस्तकही पुढे एकत्रच काढू लागल्या.

साध्या माणसांची फौज

१९०९ साली ब्रिटनच्या युद्धखात्याने एक योजना आखली. गावोगावच्या स्त्री-पुरुषांना शांततेच्या काळातच प्रथमोपचार आणि घरगुती शुश्रूषा शिकवून ठेवायची, म्हणजे युद्ध आले तर धावपळ होणार नाही. पाच वर्षांनी पहिले महायुद्ध आले आणि या पथकांचे महत्त्व सर्वांना कळले. रेड क्रॉसच्या नोंदीप्रमाणे ९०,००० हून अधिक लोकांनी त्या युद्धात स्वयंसेवा केली. कोणी पट्ट्या बांधल्या, कोणी गाड्या चालवल्या, कोणी स्वयंपाक केला, कोणी इस्पितळाच्या चादरी धुतल्या. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती याही त्यांतल्याच. टॉर्की गावातील इस्पितळात त्यांनी आधी शुश्रूषेचे आणि नंतर औषधालयात काम केले. विषांची माहिती त्यांना तिथे झाली आणि पुढे ती कादंबऱ्यांत उपयोगी पडली!

आपल्या देशाचाही या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून लंडनला पोहोचले, तेव्हा युद्ध नुकतेच सुरू झाले होते. त्यांनी तिथल्या भारतीयांचे एक शुश्रूषा पथक काढले. त्या पथकाला प्रथमोपचार शिकवले डॉ. जेम्स कँटली यांनी. ब्रिटिश रेड क्रॉसचे प्रथमोपचाराचे पुस्तक लिहिणारे ते हेच डॉक्टर. सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. सुमारे ८० जण वर्गात होते आणि परीक्षेत एक सोडून सगळे उत्तीर्ण झाले, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. यांतले बहुतेक विद्यार्थी होते, कोणी कायदा शिकणारे तर कोणी आणखी काही. पुढे फ्रान्सच्या रणांगणावरून जखमी भारतीय सैनिक नेटली येथील लष्करी इस्पितळात आले, तेव्हा या पथकातील लोक त्यांच्या सेवेला गेले. सहा आठवड्यांपूर्वी त्यांना पट्टीसुद्धा बांधता येत नव्हती.

त्याच युद्धाच्या काळात आपल्या समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड लंडनमध्ये शिकत होत्या. १९१९ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळवली आणि पुढे मुंबईच्या कामा इस्पितळाच्या त्या प्रमुख झाल्या. आपल्यापैकी कित्येकांचा जन्मच त्या इस्पितळात झाला आहे. युद्ध संपल्यावर १९२० साली भारतात कायदा होऊन इंडियन रेड क्रॉस सोसायटी स्थापन झाली.

फोनवरून आलेली रक्ताची मागणी

ऑक्टोबर १९२१ ची गोष्ट. लंडनमधील किंग्ज कॉलेज इस्पितळाने रेड क्रॉसच्या कँबरवेल शाखेला फोन करून विचारले, एका रोग्याला ताबडतोब रक्त हवे आहे, कोणी देईल का? शाखेचे चिटणीस पर्सी लेन ऑलिव्हर आणि त्यांचे काही सहकारी लगेच इस्पितळात गेले. त्यांतील सिस्टर लिनस्टेड यांचे रक्त जुळले आणि त्यांनी ते दिले. त्या काळी रक्त साठवून ठेवण्याची सोय नव्हती. रक्तदात्याला रोग्याजवळ यावेच लागे. ऑलिव्हर यांनी विचार केला की रक्त देण्यास तयार असलेल्या माणसांची यादी आधीच करून ठेवली, त्यांचा रक्तगट तपासून ठेवला, तर इस्पितळाने फोन करताच माणूस पाठवता येईल. हे काम त्यांनी आपल्या राहत्या घरातून सुरू केले. रक्तदात्याला पैसे द्यायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता. आज जगभर विनामूल्य रक्तदानाची जी पद्धत आहे, तिचा उगम त्या यादीत आहे.

दुसऱ्या महायुद्धात संस्थेने दोन कामे केली ती अजून सांगितली जातात. शत्रूच्या कैदेत असलेल्या सैनिकांना सुमारे दोन कोटी अन्नाची पार्सले पाठवली गेली. चहा, दुधाचा डबा, बिस्किटे, चॉकलेट असे पदार्थ त्यांत असत. आणि दुसरे, जिथे टपाल बंद झाले होते तिथे रेड क्रॉसच्या कागदावरून घरच्यांना संदेश पाठवता येई. मर्यादा २५ शब्दांची. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून युद्धापूर्वी जी यहुदी मुले एकटी ब्रिटनला पाठवली गेली होती, त्यांपैकी अनेकांना आईवडिलांचे शेवटचे शब्द या कागदावरच मिळाले. काही कुटुंबांनी ते कागद आजपर्यंत जपून ठेवले आहेत. युद्धात ताटातूट झालेल्या नातेवाइकांचा शोध घेण्याचे काम ब्रिटिश रेड क्रॉस आजही करते.

म्हाताऱ्या माणसांसाठी काय करतात

लंडनमध्ये मी जे काम जवळून पाहिले ते युद्धाचे नव्हते. पाय मोडलेल्या माणसाला सहा आठवडे व्हीलचेअर लागते. विकत घ्यायची तर महाग, आणि नंतर ती ठेवायची कुठे? रेड क्रॉसच्या केंद्रातून ती थोड्या दिवसांसाठी मिळते. कमोडची खुर्चीही मिळते. आम्ही परत आलेली प्रत्येक खुर्ची धुऊन, चाके आणि ब्रेक तपासून ठेवत असू. खुर्ची देताना ब्रेक लावल्याशिवाय बसायचे किंवा उठायचे नाही, हे प्रत्येकाला करून दाखवत असू. हे तुम्हीही लक्षात ठेवा. ब्रेक न लावलेली खुर्ची मागे सरकते आणि पाय बरा होण्याऐवजी कंबर मोडते.

इस्पितळातून घरी सोडलेल्या एकट्या माणसाकडेही स्वयंसेवक जातात. त्याला गाडीने घरी पोहोचवतात, फ्रिजमध्ये दूध-पाव आहे का पाहतात, घर गरम आहे का पाहतात, पायात अडकेल असा गालिचा गुंडाळून ठेवतात आणि काही दिवस विचारपूस करतात. जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला आग लागून ७२ माणसे मरण पावली. त्या वेळीही घरदार गमावलेल्यांना कपडे, ब्लँकेट आणि धीर देण्यासाठी रेड क्रॉसचे लोक तिथे होते.

२०१६ साली ब्रिटिश रेड क्रॉस आणि को-ऑप या सहकारी संस्थेने एकटेपणाचा अभ्यास करून घेतला. ब्रिटनमध्ये ९० लाखांहून अधिक लोकांना नेहमी किंवा वारंवार एकटे वाटते, असे त्यात दिसले. २०१८ साली तिथल्या सरकारने या विषयासाठी एका मंत्र्याची नेमणूक केली. एकटेपणा हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे आता सगळे मानतात. एकट्या माणसाचे खाणे बिघडते, औषधे चुकतात, आणि तो पडला तर दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला कळत नाही. म्हणून रोज सकाळी ठरावीक वेळी एका मैत्रिणीला किंवा मित्राला फोन करण्याचा नेम ठेवा. फोन आला नाही तर तिने काय करायचे, तेही ठरवून ठेवा. यास खर्च काही नाही.

वर्गात शिकवलेले धडे

आमच्या वर्गात ८३ वर्षांच्या एक इंग्रज आजी होत्या. त्यांच्या यजमानांना हृदयविकार होता. शिक्षिकेने विचारले, तुम्ही का आलात? त्या म्हणाल्या, "मला डॉक्टर व्हायचे नाही. गाडी येईपर्यंत त्याला सांभाळता आले की पुरे." त्या वर्गाचा सगळा हेतू हाच होता. प्रत्येक प्रसंगासाठी लक्षात राहतील अशा दोन-तीन कृती, एवढेच ते शिकवत. त्या इथे देते.

पहिली गोष्ट, फोन. ब्रिटनमध्ये ९९९, इस्राएलमध्ये १०१, महाराष्ट्रात १०८ किंवा ११२. आपल्या ओळखीच्या एका बाईंचे यजमान सकाळी बोलता बोलता अडखळले आणि त्यांच्या हातातून कप पडला. बाईंनी आधी मुलाला फोन केला, मग मुलीला, मग ओळखीच्या डॉक्टरांना. सगळ्यांनी धीर दिला, पण अर्धा तास गेला. ते गृहस्थ वाचले. उजवा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. बाईंना दोष देण्याचे कारण नाही, घाबरल्यावर मायेचे माणूसच आठवते. म्हणून आधीच ठरवून ठेवा: पहिला फोन ॲम्ब्युलन्सला, दुसरा मुलांना. फोन स्पीकरवर ठेवा, पलीकडचा माणूस काय करायचे ते सांगत राहतो. मग दाराची कडी काढा आणि जिन्यातला दिवा लावा. शब्बाथ असला तरी थांबू नका. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याची आज्ञाच आहे.

अर्धांगवायू. तोंड, हात, बोलणे, हे तीन पाहा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला झुकते का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? नातवंडांची नावे सांगायला सांगा, शब्द अडखळतात का? यांतले एक जरी दिसले तरी लगेच फोन. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तोपर्यंत पाणी, चहा, ॲस्पिरिन काही देऊ नका.

छातीत कळ. छातीत दाब, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, घाम, धाप ही लक्षणे. मधुमेही माणसाला आणि बायकांना कधी कधी दुखत नाही, नुसती धाप लागते आणि अंगातले त्राण जाते. रोग्याला जमिनीवर, भिंतीला टेकवून, गुडघे वाकवून बसवा, म्हणजे पडून लागण्याची भीती राहत नाही. फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल तर ब्रिटनमध्ये ३०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायला सांगतात. आपण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असाल तर अशा वेळी काय करावे, हे पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना आजच विचारून कागदावर लिहून घ्या.

श्वास बंद. हाक मारली, खांदा हलवला, तरी उत्तर नाही आणि श्वासही नाही, तर फोन स्पीकरवर ठेवून छाती दाबायला सुरुवात करा. रोगी जमिनीवर उताणा, तुमच्या एका हाताचा तळवा त्याच्या छातीच्या मधोमध, दुसरा हात त्यावर, कोपर सरळ. पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडाने श्वास देणे जमत नसेल तर राहू द्या, दाबणे थांबवू नका. गुडघे टेकवता येत नसतील तर ओरडून शेजाऱ्यांना बोलवा, आणि त्यांना काय करायचे ते तुम्ही सांगा. आमच्या इंग्रज आजींना शिक्षिकेने हेच शिकवले. ब्रिटनमध्ये जुन्या लाल टेलिफोन खोल्यांत आता हृदयाला झटका देण्याची यंत्रे ठेवलेली दिसतात. तुमच्या इमारतीत, सिनेगॉगात, वृद्धांच्या क्लबात असे यंत्र आहे का आणि कुठे आहे, ते विचारून ठेवा. ते स्वतः बोलून सूचना देते.

बेशुद्ध, पण श्वास चालू. एका कुशीवर वळवा, डोके थोडे मागे करा, म्हणजे जीभ किंवा उलटी घशात अडकणार नाही. फोन करा. श्वासाकडे लक्ष ठेवा.

घास अडकणे. कवळी लावणाऱ्यांना ही भीती जास्त. खोकता येत असेल तर खोकू द्या. खोकता-बोलता येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार फटके मारा. तरी निघाले नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ धरून, आत आणि वर असे पाच झटके द्या. तरीही नाही तर फोन, आणि पुन्हा फटके व झटके. पोटावर झटके दिले असतील तर नंतर डॉक्टरांना दाखवा. तुम्ही एकटे असाल आणि आवाज निघत नसेल, तर शेजाऱ्याच्या दाराकडे जा आणि जोराने ठोका.

रक्त वाहणे. स्वच्छ रुमाल, ओढणी, जे हाती येईल त्याने जखमेवर घट्ट दाबा आणि दाबून ठेवा. सारखे उचलून पाहू नका. नाकातून रक्त आले तर डोके मागे टाकायचे नाही, पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरायचा.

भाजणे. नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे. घड्याळ पाहून. दोन मिनिटांनी बरे वाटले तरी हात काढू नका, कारण वरची आग शमली तरी आत उष्णता राहते. सुजण्याआधी बांगड्या आणि अंगठी काढा. मग स्वयंपाकघरातला पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद किंवा स्वच्छ पिशवी त्यावर हलकी ठेवा. तळहाताहून मोठे भाजले असेल तर इस्पितळात जा.

पडणे. घाईने उठू नका आणि कोणाला घाईने उठवू नका. एक पाय आखूड दिसतो, बाहेर वळला आहे, हलवता येत नाही, तर खुब्याचे हाड मोडले असण्याचा संभव आहे. तिथेच ब्लँकेट पांघरा आणि फोन करा. खायला देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी इस्पितळात दाखवाच.

साखर उतरणे. मधुमेही माणूस थरथरतो, घामाघूम होतो, विचित्र बोलू लागतो. शुद्धीवर असेल तर अर्धा ग्लास फळांचा रस किंवा पाण्यात तीन-चार चमचे साखर द्या. दहा-पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर फोन.

सोडून देण्याच्या जुन्या सवयी

आपल्या घरांत काही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्या मायेने केल्या जातात, पण त्यांनी नुकसान होते. भाजल्यावर शाई, टूथपेस्ट, तूप किंवा बटाट्याचा कीस लावू नका. त्याने उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम साफ करताना त्रास होतो. बर्फही लावू नका. कापल्यावर हळद किंवा कॉफीची पूड भरू नका. फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचे लागेल असे सामान बाजूला करा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, आणि झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसांत जाते. घास अडकल्यावर टाळूवर थापटून काही होत नाही, फटके पाठीवर मारायचे.

आपल्याजवळचे मदतनीस

इस्राएलमध्ये हे सारे काम मागेन दावीद अदोम करते. ती संस्था १९३० साली तेल अवीवमध्ये सुरू झाली. तिचे चिन्ह लाल दाविदाची ढाल असल्यामुळे जागतिक रेड क्रॉसमध्ये तिला कित्येक वर्षे प्रवेश मिळत नव्हता. डिसेंबर २००५ मध्ये 'लाल स्फटिक' हे नवे तटस्थ चिन्ह ठरले आणि जून २००६ मध्ये मागेन दावीद अदोमला सदस्यत्व मिळाले. देशात ती आपलेच चिन्ह वापरते. तिथे १५ वर्षांची मुलेसुद्धा शिकून ॲम्ब्युलन्सवर काम करतात. तुमच्या नातवंडांपैकी कोणी तिथे गेले असेल तर एका संध्याकाळी त्याला घरी बोलवा आणि छाती दाबणे, कुशीवर वळवणे उशीवर करून दाखवायला सांगा. आजी-आजोबांना शिकवण्याचा त्यालाही आनंद होईल. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या उसन्या हव्या असतील तर १९७६ साली जेरुसलेममध्ये सुरू झालेल्या यद सारा या संस्थेकडे जा. भारतातील वाचकांनी इंडियन रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या शाखेत प्रथमोपचार वर्गाची चौकशी करावी.

फ्रिजवर लावण्याचा कागद

खालील गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. घाबरल्यावर स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

१. ॲम्ब्युलन्सचा नंबर : १०१ (इस्राएल), १०८ किंवा ११२ (महाराष्ट्र).
२. घराचा पूर्ण पत्ता, मजला, दाराचा किंवा जिन्याचा कोड.
३. चालू औषधांची यादी. रक्त पातळ करण्याची गोळी आणि इन्सुलिन ठळक लिहा.
४. कसल्या औषधाची ॲलर्जी आहे ते.
५. मुलांचे आणि एका शेजाऱ्याचे फोन नंबर.
६. तोंड, हात, बोलणे. भाजले तर २० मिनिटे पाणी. रक्त आले तर दाबून धरा. बेशुद्ध पण श्वास चालू असेल तर कुशीवर. श्वास नाही तर छाती दाबा.

घरात दोघे असाल तर दोघांनीही हा कागद मोठ्याने वाचा, आणि महिन्यातून एकदा एकमेकांना विचारा. वर्गात ज्या पुतळ्यावर आम्ही हात चालवत होतो, त्याची छाती दाबताना पहिल्या दिवशी सगळ्यांचेच हात कापत होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी कापायचे थांबले. तुमचेही थांबतील.

पुढच्या अंकात घरात पडू नये म्हणून न्हाणीघर आणि जिना कसा सुरक्षित करावा, ते पाहू. तोवर प्रकृती सांभाळा आणि शेजाऱ्यांचीही चौकशी करत राहा.